दाखवण्यासारखं घर

शनिवार, १ फेब्रुवारी

चंपतराव दलाल येऊन गेले. रोहितनेच आणले. चपला काढायच्या आधी त्यांनी फाटकात उभं राहून खिशातून होकायंत्र काढलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि मान हलवली. म्हणाले, दक्षिणमुखी आहे वहिनी, टाइम लागन. मग आत येऊन भिंतींना बोट लावत फिरले. पुढच्या छपरीतली बाज, माझ्या लोणच्याच्या बरण्या, देवांच्या तसबिरी, सगळ्यांकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. चहा घेताना सांगितलं, आधी घर दाखवण्यासारखं करा, मग गिऱ्हाईक आणतो.

हे शेजारीच बसले होते. चंपतराव गेल्यावर विचारलं, "कोण होता वं तो? मीटर पाहाले आलता काय?" मी हो म्हटलं.

घर विकायला हो मीच म्हटलं, हे इथे लिहून ठेवते. रोहितने जबरदस्ती केली नाही. दिवाळीपासून यांचं विसरणं वाढलं. रोहितने डॉक्टरला दाखवून आणलं, गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात मी न्हाणीत असताना यांनी बाहेरून कडी लावली आणि फिरायला निघून गेले. शेजारच्या चंद्रभान भाऊजींनी माझा आवाज ऐकला म्हणून सुटले. त्या दिवशी न्हाणीतल्या पाटावर बसल्या बसल्या मी ठरवलं की आता एकटीने होत नाही. रोहित मनीषनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घर विकलं की मोठा फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू, दवाखाना जवळ, असं तो म्हणतो. माणसांत राहिले की यांचं डोकं ठिकाणावर येईल. टेकडीच्या गणपतीला नवस बोलले आहे. हे बरे झाले की पायी येईन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सामान काढणं चालू आहे. एवढं सामान मी जमवलं होतं हे मलाही माहीत नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवलेल्या, सुतळीचे गुंडे, औषधाच्या बाटल्या. सून भूमिका म्हणाली, आई, हे सगळं कशासाठी? मी म्हटलं, लागतं. मग कशासाठी लागतं ते मलाही सांगता आलं नाही.

यांची हत्यारांची पेटी कबाडीवाल्याला दिली. पक्कड, टेस्टर, टेपचे रोल, वायरीचे तुकडे. वीज मंडळात सारा जन्म लाइनमन होते, खांबावर चढायचे. या ले-आउटमधल्या निम्म्या घरांची फिटिंग सुट्टीच्या दिवशी यांनीच केली. आता टेस्टर हातात घेऊन काय करणार, उलट भीतीच. कबाडीवाला पेटी उचलत होता तेव्हा हे त्याला म्हणाले, पहिले मेन बंद कर गा. तो हसला.

छपरीतली बाजही गेली. चंपतराव म्हणाले होते, बाज दिसली की घर म्हाताऱ्यांचं वाटते, गिऱ्हाईक भाव पाडते. तिथे रोहितने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठेवल्या. दुपारी जेवण झाल्यावर हे नेहमीसारखे छपरीत गेले आणि बाज होती त्या जागी खाली फरशीवर आडवे झाले. उशी नाही, काही नाही. मी चटई नेऊन टाकली. खुर्च्या सरकवल्या. चंपतरावांनी पाहिलं तर बोलतील.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रंग पूर्ण झाला. स्वयंपाकघर हिरवं होतं, मधली खोली निळी, छपरी पिवळी. आता सगळीकडे एकच, बदामी पांढरा. चंपतराव म्हणतात हल्ली असंच चालते, घर मोठं दिसते. दिसतं खरं. आवाजही घुमतो.

बटनांचे बोर्डही बदलले. जुने काळे, टकटक वाजणारे काढून नवे पांढरे चपटे लावले. रंगाच्या वेळी भिंती खरडायच्याच होत्या म्हणून इलेक्ट्रिशियनने बोर्ड दाराच्या या बाजूचे त्या बाजूला घेतले. तिकडून सोयीचं पडते म्हणाला.

संध्याकाळी हे मधल्या खोलीच्या मधोमध उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला पाहून बरं वाटलं त्यांना. म्हणाले, "निळी खोली कोणती होय?" मी म्हटलं, हीच. त्यांनी भिंतींकडे पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मी लहान मुलाची थट्टा करते आहे. रंगाचा वास डोक्यात जातो. ताक पाजलं, डोक्यावर तेल घातलं.

भूमिकाचा फोन आला होता. बोर्ड पण बदलले का, असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले ते रोहितने सांगितलं नाही का तुम्हाला? तेवढ्यात मागून रोहितने फोन घेतला. म्हणाला, काही नाही ग आई, गोळ्या वेळेवर दे आणि त्यांना गुंतवून ठेव, एवढंच. ही उगाच टेन्शन घेते.

मला वाटतं तिला आम्ही तिकडे नको आहोत. तिचंही चूक नाही. पण असं आडून आडून कशाला, सरळ सांगावं.

रविवार, २३ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. नवराबायको, दोघंही मिहानमधल्या कंपनीत नोकरीला. मुलगी गोड होती, वाकून नमस्कार केला. मी घर झाडून, उदबत्ती लावून ठेवली होती. यांना धुतलेला सदरा घातला, बसवून ठेवलं.

पण हे उठले. फिटिंग दाखवायला लागले. म्हणाले, पूर्ण तांब्याची वायर आहे, एक जोड नाही मधात, दाखवतो. सवयीने हात मागे नेला, न बघता, आणि हाताला नुसती भिंत लागली. मग दुसरीकडे चाचपलं. शेवटी मी बोर्ड दाखवला. त्यांनी पंख्याचं बटन दाबलं तर बाहेरचा दिवा लागला. पुन्हा दाबलं. मग सगळी बटनं एकदम दाबायला लागले आणि ओरडले, "माह्या घरात हात कोणं लावला? कोणाले इचारून लावला?"

ती मुलगी नवऱ्याच्या मागे गेली. चंपतराव हसत हसत त्यांना गच्चीवर घेऊन गेले.

जाताना त्या मुलाने मला विचारलं, पाणी कसं आहे काकू? मी सांगितलं, एरवी चांगलं, मे महिन्यात धार बारीक होते, घागर भरायला वेळ लागतो. ते गेल्यावर चंपतराव माझ्यावरच बिघडले. म्हणाले, "वहिनी, देवाले खोटं बोलू नका, गिऱ्हाइकाले बोललं तं पाप नाई लागत. अन् रुपरावजी, तुमी फक्त हासत बसत जा." हे हसले. तेवढं लगेच जमलं.

रात्री काही जेवले नाहीत. दहीभात केला होता, तोही मीच खाल्ला. टाकवत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

आज मोठी गोष्ट कळली. उपास असून लिहायला बसले आहे.

चंपतराव वास्तूवाल्या गोपाळरावांना घेऊन आले. कपाळाला गंध, बोलणं अगदी शांत, दक्षिणा आधी मागितली नाही. फाटकात डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, दार दक्षिणेला, यमाच्या दिशेला आहे. अशा घरात कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर भार येतो. बुद्धी भ्रमते.

माझ्या अंगावर काटा आला. यांच्या आजाराबद्दल मी त्यांना अक्षर सांगितलं नव्हतं. हे तर तेव्हा समोर नव्हतेही, चंद्रभान भाऊजींबरोबर फिरायला गेले होते. चंपतरावही म्हणाले, पाहा वहिनी, विद्या काय असते.

उपाय सांगितला. दक्षिणेचं दार पूर्ण बुजवायचं, खुणादेखील ठेवायची नाही. मधल्या खोलीची पूर्वेची खिडकी आहे, बाजूच्या बोळात उघडते, तिथे दार काढायचं. घरही विकलं जाईल आणि कर्त्याला आराम पडेल.

इतकी वर्षं मी या दारात रांगोळी काढली, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं, आणि तेच दार यांना आतून खात होतं. रोहित म्हणाला, आई, पुन्हा तोडफोड, पुन्हा खर्च, राहू दे. मी ऐकलं नाही. भिशीचे आहेत त्यातून करीन म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खर्चासाठी हट्ट केला असेल.

भूमिका दुपारी एकटी आली, ऑफिसमधून रजा टाकून. म्हणाली, "आई, दार नका बुजवू. बाबांना जे सवयीचं आहे ते तसंच राहू द्या." मी तिला म्हटलं, तुझा विश्वास नाही, ठीक आहे, पण त्यांच्या बरं होण्याच्या आड तू येऊ नको. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला वाईट वाटलं. उपासाचा साबुदाणा खाऊन जा म्हटलं तर न खाता गेली.

शुक्रवार, ७ मार्च

दार झालं.

मिस्त्री सकाळीच आला. आधी पूर्वेची खिडकी फोडून तिथे तयार लोखंडी दार बसवलं, मग दक्षिणेचं काढायला घेतलं. चौकट सागाची, यांनी स्वतः लाकूड निवडून आणलं होतं गोंदियाकडून. हे मिस्त्रीच्या मागे मागे करत होते. "चौकट काहून काढून राहिला गा? लोक कुठून येतीन?" मिस्त्री म्हणाला, बाबूजी, तिकडून येतीन. हे म्हणाले, "तिकडं तं भिंत आहे."

चौकट आणि दाराचे पल्ले मिस्त्रीनेच मजुरीत धरून नेले. विटा चढल्या, वरून पलस्तर झालं. आता बाहेरून पाहिलं तर रस्त्याच्या बाजूला सरळ सपाट भिंत, वाटतही नाही की इथे कधी दार होतं. मिस्त्रीने काम खरंच चांगलं केलं.

नव्या दाराला मी तोरण बांधलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. यांच्या हातून कुंकू लावून घेतलं. शांत होते. मला वाटलं, फरक पडायला सुरुवात झाली.

संध्याकाळी छपरीत गेले तर हे ओल्या भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसले होते, तळहात पलस्तरावर ठेवून. पाचही बोटं उमटली होती. मिस्त्रीला पुन्हा घासून घ्यावं लागेल.

मंगळवार, ११ मार्च

लिहू नये असं आहे. पण लिहिते, नाही तर मनात राहील.

आमचा संडास पहिल्यापासून अंगणात. छपरीच्या दारातून उतरलं की डावीकडे. शनिवारी हे सकाळी उठून त्या दाराकडे गेले आणि भिंतीशीच झालं. मी ओरडले नाही. पुसून काढलं, धोतर बदललं, त्यांना हात धरून पूर्वेच्या दाराने फिरवून नेऊन संडास दाखवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. काल पुन्हा.

तिथला नवा रंग फुगून आला आहे. चंपतराव एक गिऱ्हाईक घेऊन आले होते, त्यांना वाटलं ओल आहे. मीही ओलच म्हटलं.

गोपाळरावांना फोन करून विचारलं, फरक कधी पडेल. म्हणाले, इतक्या वर्षांचा दोष आहे बाई, धीर धरा, सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायला लावा. लावते.

शनिवार, १५ मार्च

कालचं आज लिहिते. काल धुळवड.

रोज सकाळी चंद्रभान भाऊजी यांना फिरवून आणतात आणि फाटकाशी सोडतात. कालही सोडलं. त्यांच्या नातवंडांनी रंगाची बादली उलटवली म्हणून ते घाईत आपल्या घरी वळले. मी आतून वाट पाहत होते, पुरणाचं करत होते. बऱ्याच वेळाने बाहेर आले तर फाटक उघडं आणि हे नाहीत.

भाऊजी म्हणाले, मी डोळ्यांनी पाह्यलं वहिनी, फाटकातून आत गेले. मग समोरच्या दुकानवाल्याने सांगितलं. काका आत गेले, भिंतीसमोर उभे राहिले, भिंतीवर थाप मारली, जशी कडी वाजवतात तशी. थोडं थांबले. मग चुकीच्या घरात आलो अशा माणसासारखे मान खाली घालून परत निघून गेले. त्याला वाटलं भांगेत आहेत.

रोहित आला, भूमिका आली, भाऊजींचे मुलगे मोटरसायकलवर हिंडले. सगळा रस्ता रंगलेला, सगळी तोंडं हिरवी-जांभळी, त्यात माणूस कसा ओळखायचा. पोलीस चौकीत फोटो दिला. मी देवासमोर बसले होते, पाणीसुद्धा घेतलं नाही.

उन्हं उतरताना भूमिकालाच सापडले. मागच्या गल्लीत, सोनिका म्हणून एक नवीन सून आहे, तिच्या घरी. ती घरं आमच्याच बरोबरची, आमच्यासारखीच, दार दक्षिणेला, छपरी, छपरीत बाज. हे सरळ आत जाऊन बाजेवर बसले होते. सोनिकाला वाटलं सासऱ्यांचे कुणी ओळखीचे असतील. तिने चहा दिला, दुपारी जेवायला वाढलं. हे वरणभात दोनदा मागून जेवले. तिच्याशी गप्पा केल्या. ती भूमिकाला सांगत होती, काका इतके छान बोलले, आणि एक गंमत झाली, उकडत होतं तर यांनी मागे न बघता हात नेऊन पंखा लावला. जसं रोजचंच.

मी गेले तेव्हा हे बाजेवर पाय सोडून बसले होते. चेहरा इतका मोकळा मी दिवाळीपासून पाहिला नव्हता. मला पाहून म्हणाले, ये वं, बस. चहा सांगू? मी सोनिकाची माफी मागितली, बिचारीचा सण वाया गेला. पेढे नेऊन देईन. यांना उठवताना खूप त्रास झाला. दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. रोहितने आणि भाऊजींनी बोटं सोडवली.

घरी आल्यावर भूमिका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मला वाटलं थकली. पुरणपोळी वाढली, म्हटलं, सापडले ना आता.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी नव्या दारी उभारली. बोळात ऊन येत नाही, गुढी सावलीतच राहिली. कडुनिंब, गूळ, गाठी. यांना फाटकाबाहेर आता एकटं सोडत नाही, कुलूप असतं.

फरक पडलेला नाही. असं लिहू नये पाडव्याच्या दिवशी.

गुरुवार, ३ एप्रिल

घर विकलं गेलं. इसार घेतला.

घेणारे एक बिल्डर आहेत, कुठल्या तरी मोठ्या गाडीतून आले, चंपतराव त्यांच्यापुढे अर्धे होऊन चालत होते. मी सकाळपासून पुसापुशी केली होती. भिंतीपाशी फुगलेल्या जागी कॅलेंडर लावलं होतं. यांना सोनिकाकडे नेऊन बसवलं होतं. ती चांगली आहे, हल्ली म्हणते, काकांना रोज आणत जा.

ते गृहस्थ आत आलेच नाहीत. फाटकात उभं राहून पावलांनी प्लॉटची रुंदी मोजली, रस्त्याकडे पाहिलं, फोनवर बोलले. रोहितने म्हटलं, आत तर या, नुकताच रंग दिला आहे, सगळं नवीन आहे, वास्तूप्रमाणे दारसुद्धा पूर्वेला घेतलं आहे. ते म्हणाले, "काहून करत बसले बाप्पा एवढं? आमाले तं पाडायचंच हाये. खाली पार्किंग, वर चार मजले."

मी विचारलं, आणि दक्षिणेचं दार असतं तर? चंपतरावांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. पण त्या माणसाने साधं उत्तर दिलं. म्हणाले, मावशी, आम्ही जागा घेतो. दार कुठं आहे ते आम्हाला काय करायचं.

चहा न घेता गेले. रोहितने आनंदाने मला धरलं. मी पण हसले. मग आत जाऊन ओट्यावरची चहाचे पाच कप पुन्हा पातेल्यात ओतले आणि संध्याकाळी गरम करून घेतले.

मंगळवार, ८ एप्रिल

रोहितला म्हटलं, रजिस्ट्री अक्षयतृतीयेला आहे, तोवर इथेच राहायचं आहे. घर पाडायचंच आहे तर दार पुन्हा मोकळं करू. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, तूच हट्ट करून बुजवलं ना? हो, मीच.

त्याला न सांगता मिस्त्रीला बोलावलं. दोन मजूर आले, दुपारपर्यंत विटा काढल्या. चौकट मागितली तर मिस्त्री म्हणाला, ती तेव्हाच विकल्या गेली बाई, हिंगण्याकडे कुणाच्या तरी घराला लागली. म्हणून मग नुसतं भगदाड राहिलं. कडेच्या विटा तुटक्या, वर लोखंडाची एक पट्टी. मी माझं जुनं हिरवं लुगडं दुमडून पडदा लावला, खालचा कचरा झाडला, हळदीकुंकू वाहिलं, उंबरा नव्हता तरी.

मग यांना हात धरून फाटकाबाहेर नेलं आणि रस्त्यावरून परत आणलं, जसे रोज फिरून येतात तसे. म्हटलं, पाहा, तुमचं दार.

त्यांनी पडदा बाजूला केला. तुटलेल्या विटांवरून बोट फिरवलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "इथं कोणंतरी भिंत फोडली वं. आत जाऊ नको. पहिले पोलिसात सांगू."

आणि आत आले नाहीत. मला बाजूच्या बोळातून आणावं लागलं, तिथेही अडले. दोन्हीकडून त्यांचं नव्हतं.

संध्याकाळी भूमिका आली. मी तिला विचारलं, तेव्हा डॉक्टर नक्की काय म्हणाले होते ग? तिने लुगड्याच्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता राहू द्या, आई." मीही पुन्हा विचारलं नाही. तिने माझ्या हातातला झाडू घेतला आणि उरलेली माती काढली. ती जाताना तिला लोणच्याची बरणी दिली. तिने यावेळी कशासाठी म्हणून विचारलं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

ऊन फार. दरवर्षी या दिवसांत हे कूलर काढायचे, वाळ्याची नवी ताटी लावायचे, मोटरला तेल घालायचे, मग सगळ्यांना समोर बसवून सुरू करायचे. यंदा कूलर विकला आहे. भूमिकाच्या फ्लॅटमध्ये एसी आहे.

आज ओला पंचा यांच्या मानेवर ठेवत होते तर हात जोडून म्हणाले, राहू द्या बाई, तुमाले कशाला त्रास. आधी वाटलं थट्टा करतात. करायचे पूर्वी. मी म्हटलं, त्रास कसला. ते म्हणाले, तुमी लई करता. मंडळी आली की सांगतो मी त्याइले.

पोथी वाचायला घेतली, एक अध्यायही झाला नाही. नवसाचं काय करायचं ते कळत नाही. देवाने नाही म्हटलं आहे, की मी मागितलं तेच चुकीचं होतं.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षयतृतीया

सकाळी पितरांची घागर मांडली, शेवटची या घरात. चिंचवणी, आंब्याचा रस, कुरड्या. चूल म्हणजे एकच शेगडी उरली होती. नैवेद्य दाखवला तेव्हा वाटलं, उद्यापासून पितर तरी कोणत्या दाराने येतील.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात यांचा अंगठा घेतला. सही आता येत नाही. साहेबाने विचारलं, तुमच्या मर्जीने विकता ना बाबा? हे म्हणाले, हो. मग विचारलं, काय विकता? हे माझ्याकडे पाहायला लागले. रोहित पुढे होऊन बोलला. डॉक्टरचा कागद त्याने आणलेला होता.

परत आलो तेव्हा टेम्पो भरून उभा होता. रोहित वर चढून दोऱ्या बांधत होता, भूमिका गाडीत एसी लावून बसली होती, यांना थंड जागा मिळावी म्हणून. हे फाटकाशी, सावलीत, ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, अहो, चला. हलले नाहीत. पुन्हा म्हटलं, अहो. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याने जाणारी कुणी बाई आपल्या नवऱ्याला हाक मारते, तिकडे भला माणूस कसा पाहील?

रोहित टेम्पोवरून म्हणाला, आई, हात धरून उठव ना. मी धरला. त्यांनी अदबीने सोडवून घेतला.

लग्नात एकदा आणि हळदीकुंकवांना उखाण्यात, तेवढंच मी त्यांचं नाव घेतलं आहे. देवाने क्षमा करावी. मी समोर उभी राहिले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हटलं, "रुपराव."

लगेच उठले. "जी," म्हणाले. उभे राहिले ते अगदी सरळ, जसे साहेबासमोर राहायचे.

मी म्हटलं, "गाडी आली आहे. चला."

ते म्हणाले, "येतो बाई. पण आमच्या घरचे इथं मले घ्याले येणार होते. ते आले तं तुमी सांगजा त्याइले, म्हणा, लई वेळ वाट पाह्यली त्यानं."

मी म्हटलं, "सांगीन."

मग ते चालले, मी सांगेन तिकडे.